पापणीवर उमटणारे विष

रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे हा साप इतका सर्रास आढळतो की सर्पदंशाचा रुग्ण आला म्हणजे प्रथम त्याचे रक्त गोठते की नाही हे पाहिले जाते. परंतु जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावली, तर दंशाची खूण जेमतेम दिसते, सूज व वेदना जवळजवळ नसतात, आणि निदानाची सारी भिस्त कर्परी चेतांच्या, म्हणजे मुख्यतः मेंदूतून निघून कवटीच्या छिद्रांवाटे बाहेर पडणाऱ्या 12 चेताजोड्यांच्या, तपासणीवर राहते.

चेता स्नायूला जेथे ॲसिटिलकोलीन या रसायनाद्वारे आज्ञा देते, त्या सांध्यावर मण्यारीचे विष घाला घालते, आणि त्याचा परिणाम बहुधा प्रथम पापणीवर दिसतो. डॉक्टरांचे बोट वर जात असता डोके न हलवता त्याकडे पाहायला सांगितलेला रुग्ण पापणी उचलण्यासाठी कपाळाला आठ्या घालू लागला, तर तिसऱ्या चेतेच्या अखत्यारीतला स्नायू दुबळा झाला आहे असे समजावे. चौथी व सहावी चेताही नेत्रगोल फिरवतात, म्हणून बोट आडवे नेल्यावर नजर मागे राहते किंवा एकाची दोन बोटे दिसतात. त्यानंतर पाचवीसाठी दात आवळणे, सातवीसाठी डोळे घट्ट मिटणे, अकरावीसाठी खांदे उचलणे आणि बारावीसाठी जीभ बाहेर काढणे असा क्रम चालतो. नववी व दहावी चेता गिळणे आणि आवाज सांभाळतात. त्यामुळे आवाज गेंगाणा होऊन तोंडात लाळ साचू लागली, की पुढची पाळी श्वसनाच्या स्नायूंची असू शकते, हे ओळखून रुग्ण एका श्वासात किती आकडे मोजतो हे वारंवार नोंदवले जाते.

पहिली, दुसरी व आठवी चेता मात्र गंध, दृष्टी, श्रवण व तोल यांच्या संवेदना मेंदूकडे नेतात, आणि स्नायूंना आज्ञा देणे हे त्यांचे काम नसल्याने त्या विषाच्या तडाख्यातून सुटतात. म्हणूनच पापण्या मिटून निश्चल पडलेला रुग्ण बेशुद्ध भासला, तरी खाटेशेजारचे बोलणे त्याला ऐकू येत असू शकते.

प्रतिविष रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते, पण मण्यारीच्या विषाने बिघडलेली चेताटोके दुरुस्त करू शकत नाही, आणि ती सावरेपर्यंत रुग्णाला श्वासयंत्राचा आधार लागू शकतो. यास्तव पोटदुखी व उलट्यांची तक्रार घेऊन पहाटे आलेल्या रुग्णाची पापणी ग्रामीण रुग्णालयात आवर्जून पाहिली गेली पाहिजे, आणि श्वासयंत्र लावल्यावरही त्याच्याशी बोलणे थांबता कामा नये.