आजीच्या नावाचा शोध : जनगणना, महसूल दप्तर आणि वंशावळ

पाश्चात्त्य देशांत कौटुंबिक इतिहासाचा शोध बहुधा जनगणनेपासून सुरू होतो. इंग्लंड व वेल्सच्या १९२१ च्या जनगणनेची कुटुंबनिहाय पत्रके शंभर वर्षांची मुदत संपल्यावर जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची असून १९५० ची पत्रके एप्रिल २०२२ मध्ये उपलब्ध झाली. आपले आजोबा कोठे, कोणासमवेत व कोणत्या व्यवसायावर राहत होते, हे तेथील नातवास घरबसल्या वाचता येते. भारतात हा मार्ग पहिल्याच पावलावर बंद होतो. येथेही प्रगणकांनी घरोघरी जाऊन माहिती टिपली. परंतु जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ अन्वये ते अभिलेख पाहण्याचा अधिकार कोणासही नाही. प्रसिद्ध होतात ते केवळ आकडे. जिल्हा जनगणना पुस्तिकेत आजीच्या गावची लोकसंख्या मिळते, साक्षर स्त्रियांची संख्या मिळते. त्या संख्येत आजी होती किंवा नाही, हे समजत नाही.

महाराष्ट्रात व्यक्ती नावानिशी भेटते ती अन्य दप्तरांत. आजोबांचा माग त्यामानाने सुलभ आहे. कोतवाल बुकातील जन्मनोंद, शाळेचे जनरल रजिस्टर, हक्कनोंदणीतील फेरफार अशा पायऱ्यांनी आयुष्याची रूपरेषा उभी राहते. अर्थात प्रत्येक नोंद पारखून घ्यावी लागते. शाळेच्या दप्तरी जन्मतारीख १ जून आढळल्यास ती आजोबांची नसून बहुधा गुरुजींची असते! जुन्या नोंदी मोडीत आहेत. मराठवाड्यात निजामकालीन कागदांसाठी उर्दूचा जाणकार गाठावा लागतो. लिपी सुटली तरी परिभाषा उरते. ‘बिन’ अथवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ अथवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची पत्नी. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधार्थ शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा ही दप्तरे सामान्य माणसाच्या चर्चेत आली. मात्र त्या वेळी बहुतेकांची दृष्टी जातीच्या रकान्यावर खिळली होती. त्याच ओळीतील उर्वरित माणूस दुर्लक्षितच राहिला.

आजीच्या बाबतीत हीच साधने अपुरी पडतात. जन्मनोंदीत पुष्कळदा बापाचे नाव व ‘मुलगी’ एवढाच उल्लेख असतो. शाळेत नाव घातले गेले नसल्यास तेथे ती नाहीच. विवाहानंतर आडनाव बदलते, अनेक घरांत नावही बदलते. सासरच्या कागदात जी ‘राधाबाई कोम गणपत’ आहे, तिचा माहेरच्या कोणत्याच नोंदीशी सांधा जुळत नाही. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून कुटुंबातील स्त्रियांची नावे कधी कधी आढळतात. दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हेळवी आहेत. त्यांच्याकडेही वंश चालतो तो मुलग्यांवरून.

तरीही स्त्री कागदावर येण्याचे काही प्रसंग आहेत, आणि ते बहुतांशी मृत्यू व मालमत्ता यांच्याशी निगडित आहेत. पती लवकर वारला व मुले लहान असली, तर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती, म्हणून आईचे नाव लागते. मुलगा सज्ञान होताच ते कमी होते. या दोन फेरफारांमधील वर्षे मोजली, की विधवा आजीने किती काळ एकटीने घर ओढले, याचा अंदाज बांधता येतो. कुटुंबात याविषयी कथा सांगितल्या जात असतील. त्यांना कालमर्यादा मिळते ती येथे.

याहून महत्त्वाचा कागद म्हणजे हक्कसोडपत्र. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने वडिलांच्या मालमत्तेत मुलीस वाटा दिला. कायद्याने दिलेला हा वाटा असंख्य बहिणींनी भावांच्या लाभात सोडून दिला. काहींनी मायेने, काहींनी माहेर तुटू नये म्हणून. कारण कागदावर येत नाही, तेथे ‘राजीखुशीने’ हाच शब्द येतो. परंतु हक्क सोडणारी कोण, हे निश्चित करण्यासाठी लेखनिकास तिचे सासरचे पूर्ण नाव, वय, गाव, वडिलांचे नाव आणि भावांशी असलेले नाते लिहावे लागते. दोन घरांत विभागलेली आजी अशा कागदावर एकत्र भेटते, आणि खाली तिच्या अंगठ्याची निशाणी असते. अनेक कुटुंबांत तिच्या हातची एवढीच खूण शिल्लक आहे. ज्या दस्ताने तिचा हक्क संपला, त्याच दस्ताने तिची ओळख राखली, ही विसंगती अभ्यासकाने नजरेआड करू नये.

हा कागद शोधताना सासरच्या गावी चौकशी करून उपयोग होत नाही. माहेरच्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात, तिच्या वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारापासून पुढील नोंदी क्रमाने पाहाव्या लागतात. तेथे अर्जात सर्व्हे अथवा गट क्रमांक द्यावा, आणि तो ठाऊक नसल्यास आजीच्या भावांचे खाते शोधावे.