मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयने एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा पहिल्यांदाच ओलांडला. ३१ दिवसांचे सेकंद होतात २६,७८,४००. भागाकार केला तर दर सेकंदाला साडेसात हजारांना जरा कमी. म्हणजे मध्यरात्र धरून, पहाट धरून, प्रत्येक सेकंदाला देशात इतके लोक मोबाइल पुढे धरतायत, पिन दाबतायत आणि ‘आले का बघा’ म्हणतायत. दुकानदारांना जाणारे बहुतेक व्यवहार ५०० रुपयांच्या आतले. कोथिंबिरीची जुडी, रिक्षा, वडापाव, चार्जरची वायर. पूर्वी शंभराची नोट मोडायची म्हटलं की जिवावर यायचं, आणि सुटे नसले की खरेदीच टळायची. आता नोटही मोडत नाही आणि सुट्यांची अडचणही नाही. खर्चाच्या वाटेतला तेवढा एक खडा होता, तोही निघाला.

पैसे वाचवण्याची गोष्ट निघाली की गाडी हमखास चहावर येते. १५ रुपयांचा कटिंग, दिवसाला दोन, वर्षाला १०,९५० रुपये. आकडा खोटा नाही. पण त्या हिशेबात एक आकडा कुणी मांडत नाही: ही बचत करायची तर वर्षातून ७३० वेळा टपरीसमोर उभं राहून मन मारावं लागतं. असले संकल्प गुढीपाडव्याला सुरू होतात आणि अक्षय्य तृतीयेपर्यंतही टिकत नाहीत. चहा प्यावा, असं माझं मत. मोरीला बोळा घालून दरवाजा मोकळा ठेवण्यापेक्षा दरवाजा कुठे उघडा आहे ते आधी बघावं.

मुंबईच्या लोकलवाल्याला हे शिकवावं लागत नाही. सेकंड क्लासचा महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्यात निघतो. २६ दिवस ये-जा केली तर प्रवास होतात ५२. सदतीस फुकट, आणि त्यासाठी महिन्यातून एकदाच रांगेत किंवा ॲपमध्ये पाच मिनिटं. एकदा ठरवायचं आणि विसरून जायचं. खरे पैसे अशाच ठिकाणी वाचतात.

तसाच एक दरवाजा डोक्यावर फिरत असतो. साधा सिलिंग फॅन ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा २८ वॅटच्या आसपास. दोघांचा वारा सारखाच. दिवसाला १२ तास आणि थंडीचे दिवस वगळून वर्षातले ३०० दिवस धरले, तर जुन्याला २७० युनिट लागतात, नव्याला १०१. फरक १६९ युनिटांचा. अजून कुठे भिंतीवर तो जुना, मोठा, गोल रेग्युलेटर असेल तर त्याला हात लावून बघा. पंखा दोनवर ठेवला की रेग्युलेटर गरम लागतो. वारा कमी झालेला असतो, पण वाचलेल्या विजेचा बराचसा भाग त्या डबीतच उष्णता होऊन जातो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आला आणि ही गळती थांबली, पण ७५ वॅटची मोटर तशीच राहिली.

महावितरणचं बिल नीट वाचणारे कमी. वाचलं तर दिसतं की दर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो: १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. म्हणजे वापर १०० युनिटांच्या वर असेल तर वाचलेलं युनिट खालच्या, स्वस्त पायरीवरचं नसतं, ते सगळ्यात वरच्या पायरीवरून उतरतं. बिलाला युनिटांनी भागून ‘आपल्याला युनिट अमुक रुपयाला पडतं’ म्हणणारा माणूस बचत बहुधा कमीच मोजतो. हिशेबाला सोपं जावं म्हणून वरच्या पायरीचं युनिट सगळे आकार धरून १० रुपयांचं मानू. तीन पंखे, वर्षाला ५०७ युनिटं, ५,०७० रुपये. नवा पंखा ३,००० रुपयांच्या आसपास मिळतो, म्हणजे तिन्हींचे पैसे दोन वर्षांच्या आतच वसूल. त्यापुढे पंखा टिकेल तितकी वर्षं निव्वळ फायदा, तोही झोपेत.

आता हेच देशाला लावून बघू. २०११ च्या जनगणनेत भारतात २४.६७ कोटी कुटुंबं मोजली गेली, आज अर्थातच जास्त आहेत. जुन्याच आकड्यावर, घरटी फक्त एक पंखा बदलला तर वर्षाला जवळजवळ ४,१७० कोटी युनिटं वाचतात. किती मोठा आकडा हा? कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट. सगळे टप्पे वर्षभर एक सेकंदही न थांबता पूर्ण क्षमतेने चालवले, जे पाण्याअभावी कधीच होत नाही, तरी वीज निघेल १,७१७ कोटी युनिटं. घरटी एका पंख्यात अशा जवळजवळ अडीच कोयना आहेत.

स्वयंपाकघराचा हिशेब मात्र इतका साफ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांमधल्या वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो दिला आहे. देशाचा मिळून ७ कोटी ८० लाख टनांहून जास्त. १० टनी ट्रकमध्ये भरून, दहा मीटरचा एक ट्रक असे एकामागे एक उभे केले तर रांग ७८,००० किलोमीटरची होते. विषुववृत्ताला दोन वेढे द्यायला जेमतेम दोन हजार किलोमीटर कमी. पण या ५५ किलोंत केळ्याची सालं, आंब्याच्या कोयी, माशांचे काटेही आहेत, तेव्हा सगळंच आपलं पाप नाही. चौघांच्या घरात २२० किलो, त्यातलं अर्धं सालं-देठ म्हणून सोडलं आणि उरलेल्याला किलोला ५० रुपये लावले तर ५,५०० रुपये. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि कालच्या वरणाची आमटी करणाऱ्या पिढीला हा आकडा सांगायची गरज नव्हती. आपल्याला आहे, कारण आपल्या फ्रिजमध्ये मागच्या खणात काय आहे ते आपल्यालाच ठाऊक नसतं.

आणि आता तो दरवाजा, जो उघडा असेल तर चहा, पंखा, पोळी सगळं एका बाजूला ठेवावं. क्रेडिट कार्डाचं बिल येतं, त्यात दोन रकमा असतात: एकूण देणं, आणि त्याखाली ‘मिनिमम ड्यू’. ही दुसरी रक्कम बहुधा देण्याच्या ५ टक्के असते आणि दिसायला फार गोड असते. समजा देणं ५०,००० आहे. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. नवी खरेदी एका पैशाची नाही, लेट फी नाही, दर महिन्याला न चुकता मिनिमम ड्यू भरलं. वर्षभरात तुम्ही भरले सुमारे २९,४५० रुपये. देणं कमी झालं सुमारे ६,१०० रुपयांनी. बाकीचे सव्वातेवीस हजारांहून जास्त व्याजात आणि करात गेले.

तसंच पुढे चालू ठेवलं तर देणं निम्मं, म्हणजे २५,००० व्हायला ६४ महिने लागतात. पाच वर्षं चार महिने. तोवर भरलेली रक्कम १ लाख २१ हजारांच्या घरात, आणि डोक्यावर अजून पंचवीस हजार आहेतच. नियमाने वागणाऱ्या, एकही हप्ता न चुकवणाऱ्या माणसाचा हा हिशेब आहे! शिवाय शिल्लक राहिली की नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत जाते, नवी वस्तू पहिल्या दिवसापासून व्याज खाऊ लागते. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता: सावकाराला एका वेळी मुद्दलाहून जास्त थकलेलं व्याज मागता येत नसे, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो मानत. इथे ५० हजारांवर ९५ हजारांहून जास्त गेले, तरी तो नियम आड येणार नाही, कारण व्याज थकतच नाही. ते दर महिन्याला गोळा होतं. उपाय एकाच जागी आहे: बँकेच्या ॲपमध्ये ऑटोपेच्या पानावर ‘मिनिमम ड्यू’ऐवजी ‘टोटल ड्यू’ निवडायचं. एकदाच. तेवढे पैसे खात्यात नसतील तर कार्डाचं देणं साध्या पर्सनल लोनमध्ये वळवलं तरी व्याजाचा दर बहुधा निम्म्याच्या आसपास येतो.

राहिला प्रश्न वाचलेल्या पैशाचा. पंखे, फ्रिज आणि अशाच दोन-चार ठिकाणचे मिळून रोजचे शंभर रुपये, म्हणजे महिन्याला ३,००० वाचले असं धरू. ते पीपीएफमध्ये टाकले आणि एप्रिल २०२० पासूनचा ७.१ टक्के दर कायम राहिला, तर १५ वर्षांत भरणा ५ लाख ४० हजार, हातात सुमारे साडेनऊ लाख. खातं पाच-पाच वर्षांनी वाढवत ३० वर्षं चालवलं तर भरणा १० लाख ८० हजार, हातात जवळजवळ ३६ लाख. पहिल्या १५ वर्षांत साडेनऊ, पुढच्या तेवढ्याच वर्षांत साडेसव्वीस.

यात एक तारीख आहे. पीपीएफचं व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या सगळ्यात कमी शिलकीवर मोजतात. ४ तारखेला भरलेल्या तीन हजारांना त्या महिन्याचं व्याज मिळतं, ६ तारखेला भरलेल्यांना नाही. दर महिन्याला हा दोन दिवसांचा उशीर झाला तर १५ वर्षांत ५,४०० आणि ३० वर्षांत २०,००० रुपयांहून थोडं जास्त जातं. पगार १ तारखेला होत असेल तर स्टँडिंग इन्स्ट्रक्शन २ तारखेचं द्यावं.

छत्तीस लाख ऐकून हुरळून मात्र जाऊ नये. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर ३० वर्षांनंतरचे ३६ लाख आजच्या भावाने सव्वाआठ लाखांच्या आसपास भरतात, आणि तेव्हाचे तीन हजार म्हणजे आजचे सातशे. बचतीवरचे लेख हा भागाकार सहसा करत नाहीत. म्हणून भरणाही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवत न्यायचा: पहिल्या वर्षी महिन्याला ३,०००, दुसऱ्या वर्षी ३,१५०. मग ३० वर्षांनी हातात ६२ लाखांच्या वर येतात, आजच्या भावाने चौदा लाखांहून जास्त. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखापर्यंतच भरता येतात. या चढत्या हिशेबात तिसाव्या वर्षीचा भरणा होतो १,४८,००० रुपयांच्या थोडा वर, मर्यादेच्या जेमतेम आत.