दोन बटणांचा फ्लश
ऑस्ट्रेलियातल्या कारोमा कंपनीत ब्रूस थॉम्पसन यांनी 1980 साली दोन बटणांचा फ्लश बनवला. तेव्हा पूर्ण फ्लशला 11 लिटर लागत. आता मोठं बटण 6 आणि छोटं 3 लिटरांत भागवतं.

चौघांच्या घरात माणशी पाच फ्लश धरले, तर 10 लिटरची जुनी टाकी दिवसाला 200 लिटर ओतते. नव्या टाकीत पाचांपैकी चारदा छोटं बटण दाबलं, तर 72. टँकर मागवणाऱ्या सोसायटीला याची किंमत वेगळी सांगायला नको!

मात्र नुसती टाकी बदलून जमेलच असं नाही. जुन्या भांड्याची घडण जास्त पाण्याची. कमी पाण्यात ते नीट धुतलं जात नाही, मग लोक दोनदा फ्लश करतात. भांडंही बदलायचं तर ट्रॅप एस (जमिनीत उतरणारा) की पी (भिंतीत जाणारा), हे आधी बघावं आणि भिंतीपासून त्याच्या तोंडापर्यंतचं अंतर टेपने मोजावं.

इतका खर्च नको? मग निदान जुनी टाकी गळते का, ते तरी तपासा. टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करायचा नाही. रंग भांड्यात उतरला, तर वॉशर गळतोय.