शंका ट्विटरवर, निकाल प्रयोगशाळेत

अमेरिकेत पदवीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना मी एक गोष्ट हमखास सांगते. डिसेंबर २०१० मध्ये ‘नासा’ने गाजावाजा करून जाहीर केले, की कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू फॉस्फरसऐवजी चक्क आर्सेनिक वापरून वाढू शकतो. शोधनिबंध होता ‘सायन्स’सारख्या नामवंत नियतकालिकात. पण काही दिवसांतच कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या रोझी रेडफिल्ड यांनी इंटरनेटवर शंका मांडल्या आणि ट्विटरवर शास्त्रज्ञांची खडाजंगी सुरू झाली. एरवी आक्षेपाचे पत्र छापून यायलाच महिने जातात!

मात्र रेडफिल्डबाई नुसत्या लिहून थांबल्या नाहीत. त्यांनी तो जिवाणू स्वतः वाढवून पाहिला आणि प्रयोगाच्या नोंदी सर्वांसमोर ठेवल्या. २०१२ मध्ये ‘सायन्स’नेच मूळ दावा खोडणारे दोन निबंध छापले. मूळ निबंध मात्र मागे घेतला गेला तो थेट २०२५ मध्ये, तोही लेखकांचा विरोध असताना.

आपली मुले आज व्हॉट्सअ‍ॅप, डिस्कॉर्डवर अभ्यास करतात. जरूर करावा; शंका विचारायला इतकी मोकळी जागा आमच्या पिढीला मिळाली नव्हती. फक्त एखादे उत्तर पटले, तर ‘लाइक’ मोजण्याआधी एवढे विचारावे: हे कुणी स्वतः करून पाहिले आहे का?