एक केस, चार पद्धती

समजा, सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत चाळिशीची बाई आली. झोप लागत नाही. नवरा पितो, मुलगा शाळेत जात नाही. डॉक्टर गोळ्या देतात आणि केसपेपरवर शेरा मारतात, ‘एमएसडब्ल्यूला भेटणे’. आता त्या एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे वैद्यकीय समाजसेवकाच्या, टेबलावर काय घडेल, हे तो कोणत्या पद्धतीत मुरला आहे यावर ठरते.

भूतकाळात शिरणारी

समाजकार्यातल्या मेरी रिचमंड यांच्या ‘सोशल डायग्नोसिस’ या पुस्तकाचा (1917) भर घर, शेजार, कमाई यांच्या चौकशीवर होता. पुढे फ्रॉइडचा प्रभाव वाढला आणि केसवर्क, म्हणजे एकेका व्यक्तीसोबतचे समाजकार्य, माहेर, बालपण, जुनी दुखणी उकलू लागले. त्याला महिनोन्महिने लागतात. ओपीडीच्या रांगेत ते कोणाला जमणार?

विचार तपासणारी

एरन बेक आणि अल्बर्ट एलिस या मानसोपचारकांची ही वाट. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. ‘मीच कमी पडते म्हणून तो पितो’ हे वाक्य इथे पुराव्यावर घासले जाते. नैराश्य आणि चिंतेत या पद्धतीच्या उपयोगाचे पुरावे भक्कम आहेत. पण बाईला घरी मार बसत असेल, तर आधी तिचेच विचार दुरुस्त करायला बसणे मला क्रूरपणाचे वाटते.

कामे ठरवणारी

विल्यम रीड आणि लॉरा एपस्टाइन यांनी 1972 साली मांडलेली. अडचण बाईने निवडायची, मुदत आधीच ठरवायची. चिठ्ठीवर दोनच ओळी: वर्गशिक्षिकांना भेटणे, धाकट्या बहिणीला सगळे सांगणे. पुढच्या वेळी ती म्हणते, “शाळेत गेलेच नाही.” रागवायचे नाही, अडले कुठे ते पाहायचे. दुपारी कामावरून सुट्टी मिळत नाही? मग सकाळची वेळ मागू. एसटीने दोन तास प्रवास करून येणाऱ्या बाईसाठी मी हीच निवडेन.

घर एकत्र बसवणारी

कुटुंबपद्धतीत मुलालाही बोलावतात. आणि कधी कधी उलगडते, की अभ्यासाचा कंटाळा वगैरे काही नाही; आईला बापाजवळ एकटे सोडवत नाही म्हणून पोरगा घरी थांबतो. मात्र मारहाण चालू असताना नवरा-बायकोला एकत्र बसवणे धोक्याचे. ती मोकळी बोलणार नाही आणि बोललीच तर घरी त्याची किंमत मोजेल.

म्हणून पद्धत कुठलीही असो, पहिल्याच भेटीत, एकटीला, दोन गोष्टी सरळ विचारा: मार बसतो का, जीव द्यावासा वाटतो का. महिला हेल्पलाइन 181 आणि मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस 14416 हे क्रमांक चिठ्ठीच्या मागे लिहून द्या.