दोन खबऱ्यांचा गिअरबॉक्स

रस्ता मोकळा, पेडलावर पाय जेमतेम टेकलेला, आणि तरीही जुनी कॅडिलॅक पहिल्याच गिअरमध्ये कंठरवाने ओरडत राहावी, मग एकाएकी पाठीत गुद्दा बसावा तसा हिसका देऊन दुसरा गिअर पडावा, असे होऊ लागले की मालक गिअरबॉक्स उतरवण्याच्या खर्चाचा आकडा मनात मांडू लागतो. परंतु ज्याच्यावर ही फिर्याद दाखल होते तो आरोपी पुष्कळदा निरपराध असतो.

कॅडिलॅकमध्ये १९६४ साली आलेला, आणि पुढे रोल्स-रॉईससारख्या मानी घराण्याने सिल्व्हर शॅडोसाठी पत्करलेला टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा तीन गतींचा गिअरबॉक्स आपला कारभार दोन खबऱ्यांच्या भरवशावर चालवतो. डाव्या अंगाचा गव्हर्नर तेलाच्या दाबातून वेगाची वर्दी देतो. उजव्या अंगाला मागे बसवलेली व्हॅक्यूम मॉड्युलेटरची डबी एका नळीवाटे इंजिनाचा व्हॅक्यूम जोखून इंजिनावर भार किती आहे हे कळवते. व्हॅक्यूम नाहीसा झाला की चालकाने पेडल तळापर्यंत दाबले असा गिअरबॉक्सचा समज होतो; म्हणून नळीचा रबरी सांधा वयोमानाने चिरला, तर रमतगमत चाललेल्या गाडीतही गिअरबॉक्स खोट्या खबरीबरहुकूम गिअर उशिरा आणि जोराने टाकतो.

डबीतला पडदा फाटला असेल तर प्रकरण अधिक गमतीचे होते. इंजिन गिअरबॉक्सचे तेल नळीतून शोषून जाळते, मागून पांढरा धूर निघतो, जमिनीवर थेंब नसताना तेल घटते, आणि संशय मात्र बिचाऱ्या पिस्टनच्या रिंगांवर जातो. डबीवरून नळी उपसावी. आत लाल तेल दिसले की पंचनामा संपला.

अर्थात तेलाची तपासणी या सर्वांच्या आधी. गाडी सपाटीवर, लिव्हर पार्कवर, तेल गरम आणि इंजिन चालू असतानाच मापकाठी ओढावी. थंड तेलाची साक्ष ग्राह्य नाही. तेल जादा भरणेही घातक, कारण फिरते भाग ते घुसळून त्याचा फेस करतात आणि फेसाने क्लचला पुरता दाब मिळत नाही. (एकेकाळी या तेलात स्पर्म देवमाशाचे तेल मिसळत असत, अमेरिकेत १९७० च्या दशकात त्यावर बंदी आली आणि रसायनज्ञांना पर्याय शोधणे भाग पडले.) तेल काळपट होऊन करपल्याचा वास येत असेल, तर मात्र क्लचच्या प्लेटी जळाल्या असे समजावे, व गिअरबॉक्स खोलण्यावाचून गत्यंतर नाही.

नळी, पडदा आणि तेल निर्दोष असूनही गाडी पहिला गिअर सोडीतच नसेल, तर गव्हर्नरकडे वळावे. चार बोल्टांचे झाकण काढताच तो हातात येतो, आणि त्याची झडप मळीने चिकटलेली किंवा त्याच्या नायलॉनच्या चक्राचे दाते झिजलेले आढळतात. एवढ्या कामासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागत नाही.