निर्णय कोणाचे, निगराणी कोणाची?

संकेतस्थळ उभारताना : भाग ५

मागच्या भागात डोमेन आणि होस्टिंग घेऊन झालं. आता साइट कशावर बांधायची? वर्डप्रेस किंवा ड्रुपलसारखी तयार सीएमएस (मजकूर सांभाळणारी प्रणाली) घ्यायची, की जँगो, लारावेल, रेल्स यांसारखं फ्रेमवर्क घेऊन स्वतः लिहायची? याचं उत्तर बहुतेक वेळा, आपण ज्याला विचारतो त्याच्या पोटापाण्यावर ठरतं. वर्डप्रेसची कामं घेणारा म्हणतो, सगळं वर्डप्रेसमध्ये होतं. पायथन येणारा म्हणतो, वर्डप्रेस कशाला, मी लिहून देतो की! दोघांनाही थोडा वेळ चहा पाजून बसवू आणि एक उदाहरण घेऊ.

समजा, तालुक्याच्या गावचं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. कार्यकारिणीने वेबसाइट करायचं ठरवलं आणि मागण्यांची यादी केली : वाचनालयाचा इतिहास, वेळा, व्याख्यानमालेचं वेळापत्रक, फोटो, नव्या पुस्तकांचे परिचय, देणगीदारांची नावं. यादी संपत आली तेव्हा कोणीतरी पुस्ती जोडली, "सभासदांना घरबसल्या पुस्तक राखून ठेवता आलं पाहिजे आणि थकलेली वर्गणी, दंडही दिसला पाहिजे."

पुस्तीच्या आधीचं सगळं वाचायचं आहे. पुस्तीत मात्र व्यवहार आहे : पैसे आहेत, हक्क आहेत आणि एकाच प्रतीवर एकाच क्षणी दोघांनी हात घालण्याची शक्यता आहे. यादी एकच असली तरी ती दोन वेगळ्या जातींच्या कामांची आहे.

आधीच घेतलेले निर्णय

सीएमएस घेणं म्हणजे दुसऱ्या कोणीतरी विचार करून घेतलेले शेकडो निर्णय एकगठ्ठा घेणं. लॉगिन कसं असावं, मजकूर कुठे साठवावा, फोटोचे किती आकार करावेत, मसुदा आणि प्रसिद्ध लेख यांत फरक कसा ठेवावा, हे सगळं ठरलेलं असतं. म्हणून तर वाचनालयाची साइट शनिवार-रविवारात उभी राहू शकते.

हे निर्णय कोणत्या गरजेतून आले, हे मात्र पाहायला हवं. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ च्या मे महिन्यात वर्डप्रेस आणलं ते ब्लॉग लिहिण्यासाठी, 'बी२' नावाच्या जुन्या प्रणालीचा धागा पुढे नेत. आज जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चारांहून अधिक त्यावर चालतात, पण डेटाबेसचा सांगाडा अजून त्याच वळणाचा आहे. नव्या वर्डप्रेसमध्ये बारा टेबलं असतात. त्यांतल्या 'पोस्ट्स' या टेबलात लेख, पानं, फोटोंच्या नोंदी, मेनूतल्या ओळीसुद्धा जातात. शीर्षक, मजकूर, तारीख, लेखक या चौकटीत न बसणारं जे काही असेल ते 'पोस्टमेटा'त, 'नाव आणि मूल्य' अशा जोड्यांनी. यातला मूल्याचा कॉलम मजकुराचा असतो. त्यात तारीख घाला, रक्कम घाला, डेटाबेसच्या लेखी ती अक्षरंच.

व्याख्यानमालेला हे चालून जातं. वक्ता, सभागृह, वेळ अशा तीन-चार जोड्या, वर्षाला मोजकी व्याख्यानं. आता पुस्तकांची देवघेव याच साच्यात घाला. प्रत, सभासद, दिल्याची तारीख, परतीची मुदत, दंड : एका देवघेवीमागे पोस्ट्समध्ये एक ओळ आणि मेटामध्ये पाच. 'मुदत उलटलेले आणि दंड पन्नास रुपयांवर गेलेले सभासद दाखव' असं विचारलं की तेच मेटा टेबल पुन्हा पुन्हा स्वतःलाच जोडावं लागतं. शिवाय रकमा अक्षरं म्हणून साठवलेल्या. त्या आकडे म्हणून वाच असं बजावलं नाही, तर क्रम लावताना १० आधी येतो आणि ९ नंतर.

वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्सला हा साचा वर्षानुवर्षं सांभाळावा लागला. तिथे गिऱ्हाइकाची ऑर्डर म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने एक 'पोस्ट'च होती. शेवटी त्यांनी ऑर्डरींसाठी वेगळी टेबलं बांधली आणि ऑक्टोबर २०२३ पासून नव्या दुकानांना तीच मिळू लागली. व्यवहाराला स्वतःची जागा लागते, हे वर्डप्रेसच्या घरातच मान्य झालं.

वर्तमानपत्राच्या कचेरीतलं फ्रेमवर्क

फ्रेमवर्क याच्या उलट बाजूने सुरू होतं. डेटाबेसशी बोलणं, पत्त्यावरून योग्य पानाकडे नेणं, लॉगिन, फॉर्म तपासणं ही रोजची हमाली ते करतं. पुस्तक म्हणजे काय, सभासद म्हणजे काय, हे तुम्ही सांगायचं.

जँगोची जन्मकथा इथे उपयोगी पडते, कारण ते एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' नावाचं वर्तमानपत्र आहे. २००३ मध्ये त्याच्या वेब विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन काम करत होते. बातम्या हा कामाचा एक भाग झाला. त्याच विभागाकडे गावातल्या करमणुकीच्या कार्यक्रमांची साइट होती आणि कॅन्सस विद्यापीठाच्या खेळांचीही. गाण्याचा कार्यक्रम, बँड, जागा, सामना, खेळाडू यांतलं काहीच 'लेख' या एका साच्यात नीट बसणारं नाही. आणि संपादकांच्या मागण्या दिवसांच्या, कधी तर तासांच्या मुदतीने यायच्या.

म्हणून त्यांनी असं हत्यार घडवलं, की वस्तूचं वर्णन एकदा लिहिलं की डेटाबेसची टेबलं त्यावरून तयार होतात आणि नोंदी भरायचा ॲडमिनचा पडदाही मिळतो. वार्ताहराला कोड येण्याची गरज नाही. २००५ च्या जुलैत हे सगळ्यांसाठी खुलं झालं; नाव दिलं गिटारवादक जँगो राइनहार्टचं. पुढे याच पायावर 'एलिंग्टन' नावाची सीएमएस बांधून ती इतर वृत्तपत्रांना विकली गेली. म्हणजे एकाच कचेरीत फ्रेमवर्कही झालं आणि सीएमएसही. नवनवे साचे लागत होते तेव्हा फ्रेमवर्क; साचा पक्का झाला आणि तोच इतरांना हवा होता, तेव्हा सीएमएस.

आपल्या वाचनालयासाठी जँगोत 'प्रत', 'सभासद' आणि 'देवघेव' अशी तीन वर्णनं लिहिता येतील आणि 'एका प्रतीची न परतलेली देवघेव एका वेळी एकच' हा नियम थेट डेटाबेसमध्ये बसवता येईल. मग दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तरी दुसऱ्याला नकार मिळणारच.

देवनागरी पत्त्याची परीक्षा

एक छोटी गोष्ट अगदी जवळून पाहू. पुस्तक-परिचयाचं शीर्षक आहे 'ग्रामीण साहित्याची पन्नास वर्षे'. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता आपोआप बनवतं. पण ते देवनागरी अक्षरं टक्क्याच्या चिन्हांच्या सांकेतिक रूपात साठवतं, आणि त्या रूपात एकेक अक्षर, एकेक मात्रा, एकेक हलन्त नऊ-नऊ जागा खातो. पत्त्याला मर्यादा २०० जागांची. इंग्रजीला ती ऐसपैस आहे. आपला पत्ता मात्र 'ग्रामीण-साहित्याची-पन्ना' इथे तुटतो.

जँगोत काय होतं? मूळ सोय वापरली तर देवनागरी पूर्ण गाळली जाते आणि पत्ता रिकामा राहतो. इतर लिप्या चालू देणारा पर्याय लावला तर 'गरमण-सहतयच-पननस-वरष' असं काहीतरी हाती येतं. पायथनच्या नियमात मात्रा आणि हलन्त 'अक्षर' धरले जात नाहीत, म्हणून ते उडतात.

दोन्हीकडे निर्णय घेणाऱ्यासमोर आपली लिपी नव्हती. उपाय मात्र वेगळे आहेत. वर्डप्रेसमध्ये लेख टाकणाऱ्या ग्रंथपाल बाई त्याच पडद्यावर छोटा पत्ता हाताने लिहितात आणि पुढच्या कामाला लागतात. जँगोत डेव्हलपरला चार ओळी लिहाव्या लागतात, पण मग पत्त्यात पुस्तकाचा दाखल क्रमांक घालायचा की लेखकाचं नाव, हेही आपणच ठरवतो. सीएमएसमध्ये चुकीच्या निर्णयाला वळसा घालता येतो. फ्रेमवर्कमध्ये तो बदलता येतो, फक्त बदलणारा माणूस हाताशी हवा.

तिसऱ्या वर्षाचा हिशेब

उद्घाटनाच्या दिवशी दोन्ही साइटी सारख्याच दिसतात. फरक तिसऱ्या वर्षी कळतो. तोवर कार्यकारिणी बदललेली असते आणि साइट लिहिणारा मुलगा नोकरीसाठी गाव सोडून गेलेला असतो.

वर्डप्रेस २०१३ पासून सुरक्षेचे छोटे अपडेट स्वतःच बसवून घेतं. प्लगइनचं तसं गृहीत धरता येत नाही. प्रत्येक प्लगइनचा लेखक वेगळा. त्याने हात काढून घेतला की तो भाग उघडा पडतो. म्हणून वीस प्लगइन बसवणं म्हणजे वीस अनोळखी माणसांवर अवलंबून राहणं.

हलगर्जीपणा किती महागात पडतो, हे ड्रुपलने दाखवलं. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधलं एक मोठं भगदाड जाहीर झालं, सोबत दुरुस्तीही. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्याच सुरक्षा गटाने सांगितलं की घोषणेनंतर सात तासांत दुरुस्ती केली नसेल, तर साइट फुटली असंच समजा. पुढे ड्रुपल ८ आतून इतकं बदललं की ७ वरून जाणं म्हणजे अपडेट नव्हे, स्थलांतरच ठरलं. ड्रुपल ७ चा आधार मुदतवाढी घेत घेत अखेर जानेवारी २०२५ मध्ये संपला. तयार वस्तू घेतली म्हणजे कायमची सोय झाली, असं नाही.

फ्रेमवर्कमध्ये तर अपडेटचं बटणच नसतं. जँगोची नवी आवृत्ती साधारण आठ महिन्यांनी येते. दीर्घ आधाराच्या आवृत्त्यांना तीन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. त्यापुढे कोणीतरी बसून आपला कोड नव्या आवृत्तीशी जुळवावा लागतो. त्या माणसाची तरतूद अंदाजपत्रकात नसेल, तर फ्रेमवर्कच्या वाटेला जाऊ नये, मग कोड कितीही सुबक असो.

वाचनालयाने काय करावं?

वाचायचा सगळा मजकूर वर्डप्रेसवर ठेवावा. साधी थीम, मोजके प्लगइन आणि बॅकअपची जबाबदारी असलेला एक माणूस.

देवघेवीसाठी लगेच फ्रेमवर्क उघडू नये. त्याआधी याच कामाची तयार प्रणाली आहे का, हे पाहावं. ग्रंथालयांसाठी न्यूझीलंडमध्ये सुरू झालेली कोहा ही मुक्त प्रणाली २००० पासून वापरात आहे आणि भारतातही अनेक ग्रंथालयं ती वापरतात. राखून ठेवणं, मुदत, दंड, सगळं तिच्यात आहे. वर्डप्रेसच्या मेनूत तिचा दुवा दिला की सभासदाचं काम भागतं.

फ्रेमवर्कची पाळी येते ती नियम खरोखरच आपले असतील तेव्हा. समजा, तीस गावांत फिरणाऱ्या पेट्या, प्रत्येक गावचा वेगळा दिवस आणि वर्गणीऐवजी पुस्तक देण्याची मुभा. मजकूर आणि असा व्यवहार एकाच छताखाली हवा असेल, तर मधली वाटही आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टसाठी टॉर्चबॉक्स या संस्थेने जँगोवर वॅगटेल नावाची सीएमएस बांधली आणि २०१४ मध्ये ती खुली केली. लेख लिहिणाऱ्याला तयार पडदा मिळतो, डेव्हलपरला खालचं जँगो मोकळं राहतं.

आणि तीन वर्षांनी अपडेट कोण करणार, याचं उत्तर 'कोणी नाही' असेल, तर दोन्ही नकोत. देखभाल कंपनीच करते अशा होस्टेड सेवेवर चार पानं ठेवावीत, ती अधिक काळ टिकतील.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक काम करा. तुमच्या साइटवरच्या वस्तूंची यादी लिहा : लेख, कार्यक्रम, सभासद, पावती, जे असेल ते. प्रत्येकीपुढे लिहा, ती फक्त वाचली जाणार की तिच्यावर व्यवहार होणार, आणि तिची काळजी कोण घेणार. तिसऱ्या रकान्यात नाव न सापडलेली वस्तू सध्या साइटवर घेऊ नका. उरलेल्या यादीवरून टेबलं कशी आखायची, ते पुढच्या भागात.